आण्णांच्या खांबावरच्या रेघा

विट्यात भूपालआण्णांच्या मेडिकलमधून कुणी टॉनिकची बाटली घेऊन बाहेर पडलं, की समोरचा चहावाला विचारतो, "का, आण्णा जेवायला गेल्यात व्हय?"

कारण आण्णा दुकानात असताना टॉनिक मिळणं अवघड. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली तर मुकाट्यानं औषध देतात. पण कुणी "पोरगं वाढंना, कायतरी ताकदीचं द्या" म्हणालं, की आण्णा चष्मा कपाळावर सारतात.

"पोरगं कुठाय?"

"घरी हाय."

"मग वाढंना हे कुणी बघितलं? आन जा."

मग पोराला आणावं लागतं. दुकानात मधोमध एक लाकडी खांब आहे. आण्णा पोराला चप्पल काढून खांबाला टेकवतात, डोक्यावर गोळ्यांचं खोकं आडवं धरतात, पेन्सिलीनं रेघ मारतात, शेजारी नाव आणि महिना लिहितात. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. रेघ वर सरकली असेल तर म्हणतात, "बाटलीबिगार वाढलंय. जावा घरला." आमच्याकडची पोरं तेल चोपडून येणारी. त्यामुळं प्रत्येक रेघेखाली तेलाचा डाग, आणि खांब कमरेपासून खांद्यापर्यंत नुसता चकाकतो. असं दुकान चालतं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी गलाईवाला. सोनाराकडचं जुनं सोनं-चांदी आगीत घालून शुद्ध करून द्यायचं, हे आमचं काम. आमच्या भागातली किती तरी घरं या कामापायी देशभर पांगलीत. मीही आठवीतून शाळा सोडली आणि चुलत्यामागं तमिळनाडूत गेलो, तो तिथलाच झालो. आई, बायको कविता आणि मुलगी ईश्वरी गावाकडं. लांब राहणाऱ्या बापाला एकच गोष्ट जमते. घरी येताना काहीतरी आणणं.

ईश्वरी सहा वर्षांची, वर्गात सगळ्यांत बुटकी. म्हणून दिवाळीला मी तिच्यासाठी एक बाटली आणली, वर जिराफाचं चित्र. मेव्हण्यानं कानपूरहून एक आणली, चुलतभावानं गुवाहाटीहून एक. पुण्याच्या बहिणीनं जेलीसारख्या गोळ्यांचा डबा दिला. कुणाचं मन मोडायला नको म्हणून आई रोज प्रत्येक बाटलीतला एकेक चमचा द्यायची, वर दोन गोळ्या. पोरगी जेवेना झाली, की चमचा अजून भरून.

मे महिन्यात जत्रेला आलो तर पोरीचे नुसते डोळे राहिलेले. ताटावर बसली की उलटी, सारखं पाणी पाणी. मला वाटलं, हिला याहून जोरदार काहीतरी पाहिजे. तिला घेऊन थेट आण्णांकडं.

आण्णांनी आमच्या वेळी पेन्सिल काढलीच नाही. पोरीकडं बघितलं आणि म्हणाले, "घरात जे जे चालू हाय, समदं घिऊन ये. आत्ता."

चारही नग काउंटरवर मांडले. आण्णा म्हणाले, "वाच रं."

मी कॅलेंडरकडं बघायला लागलो. इंग्रजी मला येत नाही. आण्णांच्या ते ध्यानात आलं असावं. ते एकदम म्हणाले, "माजा चष्मा लय खराब झालाय गड्या, तूच हुडक." आणि कागदावर पेन्सिलीनं इंग्रजी डी काढला. "ही खूण कशाकशावर हाय?"

एकावर सापडली. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. डब्यावरही.

"तुमी राखंतनं सोनं काढता, आन एकच माल चारदा घरात आलाय हे दिसंना?" मग आवाज खाली आला. "ह्ये डी व्हिटॅमिन जास्ती झालं की अंगात साठतंय रं. भूक त्येच मारत आसंल. चल."

भरदुपारी दुकानाचं शटर ओढून आण्णा माझ्या मोटरसायकलवर बसले, मध्ये ईश्वरी. मुलांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आण्णा म्हणाले तेच निघालं. सगळं बंद करायला लावलं, दोन दिवस ठेवून घेऊन सलाईन लावलं. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. मी बाहेर येऊन भिंतीला टेकलो. "आण्णा, माझ्याच हातानं इष घातलं हो पोरीला."

"इष न्हवं रं. माया हुती. मापात न्हवती, एवढंच."

पोरगी सावरली, डॉक्टरांनी सगळं खायला मोकळीक दिली, तेव्हा आण्णांनी कविताला काय काय खायला द्यायचं ते सांगितलं. भाकरी, डाळ, दूध, मेथी, सकाळचं ऊन. शेवटी जरा अडखळले. आण्णा जैन. "आन तुमच्यात चालतं न्हवं? मग ते… गोल द्या रोज एक."

"अंडं व्हय आण्णा?"

"मी गोल म्हनलोय. फुडचं तुमचं तुमी बघा."

मी कामावर परतलो. तेव्हापासून दर महिन्याला फोनवर खांबाचा फोटो येतो, खाली कवितानं ईश्वरीची उंची लिहिलेली. मी टेपनं मोजून तेवढीच रेघ गलाईच्या खोलीतल्या भिंतीवर मारतो.

या दिवाळीला लाडू घेऊन आण्णांकडं गेलो. पहिल्यांदाच काउंटरच्या आत बसवलं त्यांनी. खांबाच्या आतल्या बाजूला रेघांची आणखी एक रांग दिसली. सगळीकडं एकच नाव, आरव. तेलाचा एकही डाग नाही. माझ्या भिंतीवरच्या रेघा अशाच कोऱ्या आहेत, म्हणून हे पोर इथं कधी टेकलेलंच नाही, हे मला चटकन कळलं.

"नातू," आण्णा काच पुसत म्हणाले. "अमेरिकेत आसतो. पोरगा फोनवर इंच सांगतो, मी हितं मारतो."

"कवा आलावता?"

"यील की. जागा धरून ठेवलीया."

तेवढ्यात ईश्वरी आत घुसली, चप्पल भिरकावून त्याच बाजूला खांबाला टेकली. "आजोबा, मी मोठी का ह्यो आरव?"

आण्णांनी खोकं धरलं. "त्योच मोठा. बोटभर." पोरगी फुरंगटून बाजूला झाली. आरवच्या रेघेखाली तिच्या डोक्याचा तेलकट डाग उमटला होता. आण्णांनी खांद्यावरचं फडकं काढलं, डागापाशी नेलं.

मग डाग न पुसताच फडकं पुन्हा खांद्यावर टाकलं आणि लाडवाचा डबा उघडला.