गल्लीची ठणठणीत तब्येत

“दवाखाना आपल्याच गल्लीत येणार! लिहून घ्या!” गळ्यात टेप अडकवून टेलरकाकांनी जाहीर केलं.

सरकारने एका दवाखान्यापुरतेच पैसे मंजूर केले होते. तो बाजारापाशी काढायचा की या चढावरच्या गल्लीत, हे ठरवायला सरकारी डॉक्टरबाई येणार होत्या. काका-काकू दुकानावरच्या खोलीत राहायचे आणि काकूंचे गुडघे पार कामातून गेले होते. सध्याचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला! बसच्या पायरीवर काकू ओठ घट्ट मिटायच्या आणि काका त्यांना हात देऊन वर चढवायचे.

“खोटं काही बोलायचं नाही,” काकांनी गल्लीला बजावलं. “जे दुखतंय, तेवढंच सांगायचं!”

पण सरकारसमोर फाटक्या बाहीने कसं जायचं? काकांमधला टेलर जागा झाला. त्यांनी सगळ्यांचे कपडे उसवले, शिवले, कडक इस्त्री करून दिले. डॉक्टरबाई आल्या तेव्हा अख्खी गल्ली लग्नाला निघाल्यासारखी उभी होती!

“काय, कसे आहात?” बाईंनी न्हाव्याला विचारलं.

“एकदम मजेत!” रात्रभर खोकणारा न्हावी छाती काढून म्हणाला.

बेकरीवाल्याने भाजलेला हात पाठीमागे लपवला. “आपल्याला काय धाड भरलीय!”

चष्म्याशिवाय भिंतही न दिसणाऱ्या हेडबाई चष्मा लपवून म्हणाल्या, “मुलांच्या वह्या अजून तपासू शकते मी!”

काकांना घाम फुटला. घरी आलेल्या माणसापुढे रडगाणं गायचं नाही, हे गल्लीच्या हाडीमाशी खिळलेलं! शेवटच्या आशेने त्यांनी जिन्याकडे डोळे लावले. काकूंना त्यांनी वर खोलीत खुर्चीवर बसवून, पायावर पांघरूण घालून बजावलं होतं, “हलू नकोस!”

काकू हसतमुखाने चहाचा ट्रे घेऊन खाली आल्या. मग बिस्किटं राहिली म्हणून वर गेल्या. मग साखर आणायला पुन्हा वर!

“अगं, गुडघे!” काका कुजबुजले.

“पाहुण्यांसमोर काय गुडघे घेऊन बसलात! अहो, खुर्ची द्या त्यांना!”

डॉक्टरबाईंनी चहा संपवला. “या वयात जिना कसा चढता हो तुम्ही! अशी निरोगी गल्ली मी पाहिली नाही. मग दवाखाना बाजारापाशीच बरा.”

त्या गेल्या. काका मशीनच्या स्टुलावर मटकन बसले.

बाई कोपऱ्यापर्यंत पोहोचल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, बॅग दुकानातच राहिली! त्या मागे वळल्या, तर गल्ली ओळखूच येईना. न्हावी खांबाला धरून खोकत होता. बेकरीवाला हातावर फुंकर घालत होता. हेडबाई दुकानाच्या दारातल्या कपड्यांच्या पुतळ्याला विचारत होत्या, “अहो, गेल्या का त्या बाई?”

आणि जिन्याच्या तळाशी काकू बसल्या होत्या. काका त्यांचे पाय मांडीवर घेऊन चोळत होते.

“खूप दुखतंय हो,” काकू म्हणाल्या. ही गोष्ट काकू जगात फक्त एकाच माणसाला सांगत.

“माझंच चुकलं,” काकांनी डोळे पुसले. “तुझ्यासाठी एक दवाखाना आणता आला नाही मला.”

डॉक्टरबाई हळूच पुढे आल्या आणि काकूंच्या शेजारी पायरीवर बसल्या. “आता सांगा, कुठे दुखतंय?”

काकू ताडकन उभ्या राहिल्या! “छे, कुठे काय! आणखी चहा टाकू?”

डॉक्टरबाई पोट धरून हसल्या. हसता हसता त्यांचेही डोळे ओले झाले.

दवाखाना गल्लीत झाला, तोही काकांच्या दुकानाला लागूनच! पहिल्या दिवशी काकांनी काकूंना अक्षरशः उचलून जिना उतरवला आणि थेट तपासणीच्या खोलीत नेलं. ते अभिमानाने म्हणाले, “पहिला पेशंट आमचा!”

“हो, तपासा यांना,” काकू म्हणाल्या. “मला उचलून यांची कंबर धरलीय. मी आपली सोबत आलेय!”