सात जागांचा ट्रॉम्बोन

शासकीय वाद्यवृंदातल्या एकुलत्या एक ट्रॉम्बोनवादकाने वार्षिक माहितीपत्रकाच्या अकराव्या रकान्यात खरी माहिती भरली. पुढे जे काही झालं त्याला दुसरं कुणीही जबाबदार नाही, असं चौकशी अहवालातही म्हटलं आहे.

रकान्यात विचारलं होतं, ‘आपण वापरत असलेल्या एकूण जागा’. आता ट्रॉम्बोनला ना पडदे असतात ना कळा. एक लांब सरकती नळी असते. ती पुढेमागे करायची आणि सात ठिकाणी थांबवायची, की सूर बदलतात. या सात ठिकाणांना वाजवणारे ‘जागा’ म्हणतात. नळीवर खूण कुठेच नसते, हाताला ठाऊक असतं. सरकारला एकदाचा आपल्या कलेत रस वाटू लागला, या समजुतीने बिचाऱ्याला भरून आलं आणि त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सात. पैकी सातवी क्वचित लागते.’

पंधरा दिवसांत आस्थापना शाखेचं पत्र आलं. मंजूर जागा एक असताना आपण सात जागा अडवून बसला आहात. पैकी एकीचा वापर क्वचितच होत असल्याचं आपण स्वतःच कळवलं आहे. तरी सात दिवसांत खुलासा करावा.

बायकोने पत्र वाचून कपाळाला हात लावला. “अहो, खरं लिहायला तुम्हाला सांगितलं कुणी? ‘लागू नाही’ लिहायचं! मी सतरा वर्षं बँकेत प्रत्येक रकान्यात ‘लागू नाही’ लिहितेय. दोन बढत्या मिळाल्या.”

“पण त्यांनी विचारलं होतं गं.”

“विचारलं म्हणून सांगायचं असतं का?”

एरवी त्याने हे मनावर घेतलं नसतं. पण मोठा कार्यक्रम दोन महिन्यांवर आला होता. वाद्यवृंदात ट्रॉम्बोनवाल्याचं मुख्य काम म्हणजे गप्प बसणं. बाकीचे तासभर वाजवतात, हा मनात मोजत राहतो आणि शेवटी चार वेळा फुंकतो. एकोणीस वर्षं त्याने इमानेइतबारे मोजलं होतं. यंदा मात्र निवडलेल्या रचनेत दीड मिनिटांचा एक तुकडा असा होता, की ऐंशी माणसं गप्प आणि ट्रॉम्बोन एकटा. तुकड्याचा शेवटचा सूर खूप खालचा, सातव्या जागेवरचा. तो सूर लोकांना ऐकवायचा, एवढीच त्याची आयुष्याकडून मागणी उरली होती.

तो वाद्य घेऊन आस्थापना शाखेत गेला आणि तिथल्या बाईंच्या टेबलासमोर सातही जागा वाजवून दाखवल्या. शेजारच्या टेबलांवरची माणसं जागी झाली. बाईंनी पेन खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

“छान वाजवता हो!” त्या मनापासून म्हणाल्या. “आणि हे सगळं तुम्ही एकटेच करता?”

“हो, एकटाच.”

“म्हणजे कबूल आहे,” असं म्हणून बाईंनी पेन उचललं.

चार दिवसांनी आदेश निघाला. दोन ते सात या जागा गोठवण्यात येत असून सदर कर्मचाऱ्याने पुढील आदेशापर्यंत पहिल्या जागेवरच काम करावे. शिपाई आला आणि नळी सुतळीने बांधून गाठीवर लाखेचा शिक्का मारून गेला. त्याने जाता जाता माफीही मागितली. त्याचंही काम तेच होतं.

वाद्यवृंदाचं संचालन करणाऱ्या कंडक्टरने कार्यालयाला कडक पत्र लिहिलं. पण कार्यालयाच्या लेखी कंडक्टर म्हणजे तिकिटं फाडणारा, त्यामुळे ते पत्र परिवहन खात्याकडे वर्ग झालं. तिकडून अजून उत्तर आलेलं नाही.

मग जाहिरात आली. ट्रॉम्बोनच्या सहा रिक्त जागा भरणे आहेत. वाद्य येणे आवश्यक नाही. आल्यास तसे कळवावे. अर्ज आले नऊ हजार. त्यांत एक त्याच्या विद्यार्थिनीचाही होता. मंगळवार-शनिवार तिला शिकवून त्याने आठ वर्षांत तयार केली होती. मुलाखतीहून ती थेट त्याच्या घरी आली.

“काय झालं गं?”

“सर, मी सहावीसाठी गेले होते. त्यांनी विचारलं, इतर जागाही येतात का? म्हटलं, सातही येतात. म्हणाले, मग एका जागेवर तुमचं मन रमायचं नाही.”

“मग घेतलं कुणाला?”

“बाहेर एक काका बसले होते. त्यांना काहीच येत नाही. त्यांचं मन रमेल म्हणाले.”

सहाजण रुजू झाले. दुसऱ्या जागेवर उपसंचालकांचे मेहुणे, चौथ्या जागेवर वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक, बाकीचेही असेच कुणाचे कुणी. सहा खुर्च्या आल्या, सहा कोट शिवले गेले. ट्रॉम्बोन मात्र एकच, त्यामुळे लाख फोडून कार्यपद्धती ठरवण्यात आली. फुंकायचं पहिल्याने, नळी हलवायची ज्याची त्याने. पहिलीवरून सहावीवर जायचं तर नळी थेट नेता येणार नाही. ती दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या साहेबांमार्फत जावी, आणि प्रत्येकाने नोंद करून पुढे सरकवावी. पहिल्या तालमीत दीड मिनिटांचा तुकडा दोन तास चाळीस मिनिटांत पूर्ण झाला. मध्ये चहा झाला तो वेगळा. शेऱ्यात ‘प्रगती समाधानकारक’ असं लिहिलं गेलं.

ट्रॉम्बोनवाला परदेशातलं ट्रॉम्बोनवादकांचं एक त्रैमासिक वर्षानुवर्षं मागवत असे. जगात आपलं दुःख समजेल असे तेवढेच लोक, म्हणून त्याने संपादकांना सविस्तर पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं. ‘पद्धत फारच पुढारलेली आहे, कृपया छायाचित्रांसह लेख पाठवा. आमच्याकडे अजून एका ट्रॉम्बोनमागे तिघांवरच आलंय.’

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. सभागृह खचाखच भरलं आणि पडद्यामागे पाचच कोट दिसले.

“चौथे साहेब कुठायत?” त्याने विचारलं.

“दात काढायला गेलेत. रजेवर आहेत,” दुसरे साहेब म्हणाले.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “मग नळी तिसऱ्या जागेच्या पुढे जाणार कशी? शेवटचा सूर सातवीवर आहे हो!”

दुसऱ्या साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता. “एवढं काय त्यात? आजच्या दिवस तुम्हीच वाजवून टाका. उद्या कार्योत्तर मंजुरी घेऊ.”

“सातही जागा?”

“सातही. आम्ही आहोतच की शेजारी.”

आणि त्याने वाजवलं. आधी तासभर मोजलं, मग उभा राहिला. ऐंशी माणसं थांबली आणि त्याने नळी अशी सोडली, की दोन महिन्यांची सुतळी, लाख, नोंदी सगळं त्याच्या हातातून निघून गेलं. दीड मिनिटं तो सुखी होता. शेवटी हात पूर्ण लांबवून त्याने सातव्या जागेवरचा सूर लावला आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास त्यात ओतला. तो सूर थांबल्यावर सभागृहात खोकण्याचंही कुणाला सुचलं नाही.

ट्रॉम्बोनमध्ये फुंकरीचं पाणी साचतं. ते वेळच्या वेळी काढावं लागतं. टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला तेव्हा डोळे भरून आल्यामुळे कुणाकडे बघवेना, म्हणून तो खाली वाकून नळीतलं पाणी काढू लागला. मान वर केली तर पाचही साहेब रांगेत उभे राहून लोकांना अभिवादन करत होते. त्यांना गुच्छ देण्यात आले. सहावा गुच्छ दंतवैद्याकडे पाठवण्यात आला. ट्रॉम्बोनवाल्याला फार वाईट वाटलं. रडू येईल इतकं वाईट वाटलं. सगळ्या सभागृहात त्याची बायको आणि ती विद्यार्थिनी, दोघीच काय त्या त्याच्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी कार्योत्तर मंजुरी मिळाली. सहाही जणांनी उत्कृष्ट वादन केले, पहिल्या जागेवरील कर्मचाऱ्याने सहकार्य केले, अशी नोंद झाली.

तुम्ही म्हणाल, लोक इतके कसे हो आंधळे! अहो, तुम्हीही होतात की तिथे. मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. सर्वांत आधी उभे राहिलात ते तुम्ही, कोटवाल्यांचा फोटो काढलात तोही तुम्हीच. बाहेर पडताना तुम्ही शेजाऱ्याला विचारलंतसुद्धा, “ते मागे वाकून काहीतरी करत होते, ते कोण हो?”

“सफाईचे असतील,” शेजारी म्हणाला. “पाणी सांडलं होतं ना.”

तुम्हाला ते पटलं.