सोनकांबळे साहेबांची वीतभर बाग

लातूरच्या उन्हाळ्यात कूलरचं तोंड कुठं असावं, याबद्दल आमच्या कॉलनीत कधी मतभेद झाले नाहीत. पाठ खिडकीला, तोंड घरातल्या माणसांकडे. अपवाद एकच, आमचे शेजारी सोनकांबळे साहेब. त्यांच्या कूलरची पाठ घराकडे असायची आणि तोंड व्हरांड्याकडे. व्हरांड्यात फरशीवर पसरट कुंड्या ओळीनं मांडलेल्या, आणि त्यांत वीतभर उंचीची रोपटी. त्यांना लहान लहान निळी फुलं यायची, अगदी घंट्यांसारखी. गार वारा ती खायची. साहेब आतल्या खोलीत बनियनवर बसून पुठ्ठ्याच्या तुकड्यानं स्वतःला वारा घालायचे.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी कंपाउंडवरून हाक मारली, "साहेब, तुमचा कूलर उलटा बसलाय!"

"सुलटाच हाय," आतून आवाज आला. "ज्याला गरज हाय, त्याच्याकडं तोंड हाय."

उत्तम सोनकांबळे मूळचे लोह्याकडचे. जमीन मोजणीच्या खात्यात सगळी नोकरी झाली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्यात, घरात एकटेच. अंगानं काटकुळे, चालताना नजर जमिनीत. बोलण्यात मात्र नोकरी कायम होती. वाद वाढायला लागला की म्हणायचे, "हद्दीत राहून बोला." एखादी गोष्ट सांगायची नसली की, "हा मुद्दा तुमच्या गटात येत नाही." एकदा आमच्या मंडळींनी त्यांना विचारलं, "भाऊजी, भाजी काय केलीत?" त्यावरही त्यांनी आधी चौकशी केली, "प्रश्न माहितीसाठी आहे की हरकत आहे?"

त्या फुलांचं पुस्तकी नाव कॅम्पॅनुला. कॉलनी त्यांना घंटीची फुलं म्हणायची. बी थंड डोंगराळ मुलखातलं, टपालानं मागवलेलं. एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकतं, असं पाकिटावर छापलेलं होतं. पाकीट छापणाऱ्यानं लातूरचा मे महिना पाहिलेला नव्हता. साहेब दिवाळीनंतर बी पेरायचे. थंडीत रोपं मजेत वाढायची, होळीच्या सुमाराला फुलायची, आणि मग ऊन तापलं की एकेक करून माना टाकायची. साहेब सुकलेली रोपं काढून टाकायचे आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा पेरायचे.

"साहेब, हे आपल्या हवेतलं झाड नाही," मी सांगायचो.

"हाव, माहीत हाय."

"मग होळीला फुलं बघितली की झालं. पुढं कशाला ओढायचं?"

"बुद्धपौर्णिमेपर्यंत टिकली पाहिजेत."

"विहारात वाहायला?"

"नाही."

"मग?"

"हा मुद्दा तुमच्या गटात येत नाही."

बुद्धपौर्णिमा येते भर वैशाखात. त्या दिवसांत आमच्याकडे चपलेशिवाय गच्चीवर पाय टाकता येत नाही. आणि हा माणूस तोवर थंड मुलखातलं फूल जगवायला निघालेला! का, ते सांगत नव्हता. मला स्वस्थ बसवेना. सकाळी दात घासायच्या निमित्तानं मी कंपाउंडपाशी उभा राहायला लागलो. मंडळी म्हणाल्या, "अहो, किती घासता? उरलेत तेवढे तरी राहू द्या."

दुसरी गंमत उंचीची. साहेबांच्या अंगणात वीतभरापेक्षा उंच काही वाढू दिलं जात नसे. सगळ्या गल्लीत जास्वंद, कण्हेर, कुणाकडे नारळ, पण यांच्या फाटकातून आत पाहावं तर मोकळं मैदान. झाडं लावायच्या मोहिमेत नगरसेवकाची माणसं कडुलिंबाचं रोप घेऊन आली, तर साहेबांनी विचारलं, "किती उंच होतं?" "दोन मजली होतंय की साहेब!" त्यांनी फार अभिमानानं सांगितलं. "मग शिंदे साहेबांना द्या." ते लिंबाचं झाड आज माझ्या दारात आहे. मी प्रेमानं एक शेवग्याची फांदी दिली, तीही परत आली. कुंड्या ठेवायला मुलीनं पुण्याहून लोखंडी स्टँड पाठवला. त्यावर साहेब बनियन वाळत घालायचे. कुंड्या खाली फरशीवरच.

मग कूलर आला आणि त्यातून एक मोठी चूक झाली. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं क्षाराचं, की बादली नुसती वाळली तरी आतून चुना मारल्यासारखी होते. साहेबांनी तेच पाणी कूलरमध्ये भरलं. फुलांवर दिवसभर गार फवारा. आठ-पंधरा दिवसांत पानं पांढरी पडली. साहेबांना वाटलं कीड आहे, त्यांनी लिंबोळीचा अर्क मारला. पानं पांढरी ती पांढरीच, वरून कडू. शेवटी साहेबांनी बोटानं पान पुसलं आणि बोट जिभेला लावलं.

"मीठ!" ते कंपाउंडवरून मला म्हणाले. "शिंदे साहेब, मी झाडांचं लोणचं घालायलो की हो!"

त्या वर्षीची बाग गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी उपाय काढला. पिण्याच्या पाण्याचा जार विकत यायचा, तो कूलरमध्ये ओतायचा. आणि स्वतःच्या पिण्याला, चहाला बोअरचं पाणी. त्यांच्याकडचा चहा इतका मचूळ लागायचा की माणूस दुसऱ्यांदा यायचा नाही. जिथं टँकर आला की हंड्यावरून बायका एकमेकींच्या सात पिढ्या काढतात, त्या गल्लीत फुलांना फिल्टरचं पाणी! मंडळींनी त्यांना तोंडावर सुनावलं, "भाऊजी, पुढच्या जन्मी तुमच्या कुंडीत जन्म घ्यावा म्हणते. सासर इतकं चांगलं मिळायचं नाही."

"अर्ज करून ठेवा, वैनी," साहेब शांतपणे म्हणाले. "जागा कमी हायेत."

संध्याकाळी आम्ही म्हातारे कट्ट्यावर बसतो. कुणीतरी विचारलं, "या सोनकांबळ्याचं काय आहे हो?" मला खरं काहीच माहीत नव्हतं. पण शेजारी असून माहीत नाही म्हणणं कमीपणाचं वाटलं. म्हणून मी एक उपपत्ती मांडली. हा माणूस जन्मभर शेताशेतांतून हद्दीचे दगड शोधत खाली मान घालून फिरला. आता त्याला गुडघ्यावरचं जग दिसतच नाही. डोकं मोजणीत अडकलंय. कट्टा पोट धरून हसला. मग मी त्यात दर आठवड्याला भर घालत गेलो. ती गोष्ट साहेबांपर्यंत गेली असणार, कारण एकदा ते नुसतं म्हणाले, "कट्ट्यावर आमची मोजणी चालू हाय म्हणं." पुढं काही बोलले नाहीत, हे मला अजून बोचतं. आज कट्ट्यावर मी सांगितलेलीच गोष्ट फिरते. ती खोटी आहे. खरी मी मागच्या वैशाखात पाहिली, ती इथं लिहून ठेवतो.

दरवर्षी त्या दिवसांत आम्ही रेणापूरकडे शेतावर असतो. मागच्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून इथंच राहिलो. साहेबांची बाग पहिल्यांदाच मे महिन्यात उभी होती. रोपं दमलेली, पण निळ्या घंट्या होत्या. पौर्णिमा दुसऱ्या दिवशीवर आली होती आणि साहेब परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे व्हरांड्यात येरझारा घालत होते.

सकाळी दहाच्या सुमाराला धाडकन आवाज झाला. गल्लीच्या तोंडाची विजेची डीपी जळाली. लाइटवाले आले, वर बघून गेले. उद्याशिवाय लाइट येत नाही म्हणाले.

दुपारी मी काळा चष्मा लावून पाहतो तर साहेबांनी ओला बारदाना दोरीवर टांगलेला, आणि स्वतः फरशीवर मांडी घालून पुठ्ठ्यानं कुंड्यांना वारा घालताहेत. अंगातून पाणी निथळत होतं.

"साहेब, काय करायलाव हे? तुम्हाला ऊन लागेल!"

"शिंदे साहेब, आता बोलू नका. हात मोकळा असल तर या."

त्यांनी माझ्याकडे आजवर कधी काही मागितलं नव्हतं. मी गेलो. मंडळींनी फळीवर ठेवलेला विणलेला पंखा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "जा. घरात मला कधी घातला नाहीत, फुलांना तरी घाला." जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यातून इज्जतीनं निवृत्त झालेला मी, डोळ्यावर काळा चष्मा लावून, दिवस मावळेपर्यंत फुलांना वारा घालत बसलो. कशासाठी ते विचारलं नाही. विचारायचा हक्क कट्ट्यावर खर्च झाला होता.

तरी बागेनं दम सोडला. सकाळी बहुतेक कुंड्या आडव्या पडलेल्या. भिंतीच्या सावलीतली एक तेवढी तग धरून होती, आणि तिच्यावर मोजक्या घंट्या. साहेबांनी ती कुंडी पायरीच्या कडेला नेऊन ठेवली. मेलेल्या कुंड्यांकडे पाहिलंही नाही.

थोड्या वेळानं फाटकाशी ऑटो थांबला. लोह्याच्या गाडीनं आलेली एक म्हातारी उतरली. पांढरं लुगडं, हातात काठी, आणि पाठ कमरेतून इतकी वाकलेली की तोंड सरळ जमिनीकडे. मान वर होत नव्हती. साहेबांनी तिचे पाय धरले.

"बरा हायस व्हय रं," ती खालच्या खाली म्हणाली. मग तिची नजर माझ्या पायांवर आली. "आन् हे कोन? ह्या पायाचा मानूस म्या बघितला न्हाई."

"शेजारी हायेत अक्का. शिंदे साहेब."

"साहेबाला नखं काढायला येळ न्हाई वाटतं."

मी पाय मागं घेतले. मंडळी कंपाउंडपलीकडे तोंडाला पदर लावून हसल्या.

अक्का काठी टेकत पायरीपाशी आली आणि थांबली. काठी हलेना. माझ्या मनात आलं, तिला भोवळ आली की काय. साहेब चार हात लांब उभे होते, हात मागं बांधून, वरिष्ठांनी फाइल उघडावी आणि कारकुनानं वाट बघावी तसे.

"आरं उत्तम," ती म्हणाली, "ही हितं कशी आली?"

"लावली."

"त्या तिकडल्या डोंगरातली फुलं हायेत ही!" मग माझ्या पायांकडे वळून तिनं मला सांगायला सुरुवात केली. जन्मात एकदाच ती लांब गेली होती, गावातल्या बायांबरोबर, हिमालयाकडच्या एका विहाराला. "समद्या बाया वर बघून बोंबलायल्या, बर्फ बघ गं, शिखर बघ गं. मला काय दिसतंय डोंबल? समदा डोंगर मी पायऱ्या बघत चढले. तर पायरीच्या फटीत ही निळी फुलं. एवढुशी. वर बघणाऱ्या एकीला बी दिसली न्हाईत. मी ह्याला सांगितलं व्हतं, डोंगर तुमचा, फुलं माजी."

"तवापासून लावायलो. तू वर्सातून एकदा, पौर्णिमेलाच येतीस," साहेब हळूच म्हणाले.

मग मला म्हणाले, "आईबाप लवकर गेले. हिनं भट्टीवर इटा वाहिल्या, म्हणून मी शिकलो. तिची पाठ..."

"गप रं," अक्कानं तोडलं. "समद्यांला हेच सांगत फिरतोय. खोटं हाय, साहेब. आमची आजी बी अशीच वाकली व्हती, माजी आत्या बी. हाडंच आमची तसली. ह्यानं फुकटचं स्वताच्या डोक्यावर घेतलंय."

दोघांत खरं कुणाचं, मला ठाऊक नाही. साहेबांच्या तोंडाकडे बघून वाटलं, त्यांनी हे तिच्याकडून पुष्कळदा ऐकलंय आणि एकदाही मानलं नाही.

अक्कानं काठीच्या टोकानं लांबच्या कुंड्या दाखवल्या. "ती मेली व्हय?"

"हाव. लाइट गेली."

"मरू दे. पायरीवर बी एवढीच व्हती." ती कुंडीजवळ आणखी वाकली, एका घंटीला नखानं हळूच टिचकी मारली आणि स्वतःशीच हसली. मग म्हणाली, "बस की खाली. मघापासून तुजं नुस्तं पायच बघायले."

साहेब तिच्यासमोर फरशीवर बसले. तिनं त्यांची हनुवटी धरली.

"सनाच्या दिशी दाढी करायची न्हाईस व्हय रं? आन् गालफाडं केवढी बसली. काय खातोस का न्हाई?"

कालपासून ते पुठ्ठा धरून बसले होते, जेवले होते की नाही मलाही माहीत नव्हतं. ती त्यांचं तोंड उजेडाकडे वळवून एक गाल बघायची, मग दुसरा, आणि सत्तरीला टेकलेला तो माणूस तिला हवं तिकडे निमूट वळवू देत होता.