अर्ध्या वाटेवरचा घोडा

ह्यांच्या हातून चूक झाली तर ती मशीनची, आणि मशीनकडून झाली तर ती माझी, असा आमच्या घरचा कायदा आहे.

पस्तीस वर्षांपूर्वी ह्यांनी हौसेनं घरी कॉम्प्युटर आणला. कॉम्प्युटर कसला, नुसती बटणांची पाटी; पडदा म्हणून घरचा टीव्ही. त्याच्याकडून काही करून घ्यायचं तर मासिकात छापलेल्या आकड्यांच्या ओळी एकेक करून टाईप करायच्या. मी वाचायची, हे टाईप करायचे. शाळा माझी चौथीत सुटली, पण आकड्यांनी मला कधी दगा दिलेला नाही.

आठ दिवस रोज रात्री थोडं थोडं खपून आम्ही एक घोडा टाईप केला. तो पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणार होता. धावला, आणि नेमका मधोमध गुप्त झाला.

"तू एक आकडा चुकीचा वाचलास," हे म्हणाले.

तेव्हापासून घरी कुणीही येवो, "आमच्या हिनं घोडा गायब केला" ही गोष्ट चहाबरोबर फुकट.

गेल्या रविवारी तर कहरच झाला. ह्यांच्या कॉम्प्युटर मंडळातले तिघे म्हातारे पाच वाजता येणार होते. त्यांना जुने दिवस दाखवायला ह्यांनी माळ्यावरून ती पाटी काढली, जुना डबा टीव्ही काढला आणि ते मासिकही. सगळं जेवणाच्या टेबलावर. आम्ही ताटं मांडीवर घेतली. हे मात्र जेवता जेवता मासिकातल्या जाहिराती वाचत होते. कागद दिसला की ह्यांना वाचायलाच लागतो, मग ती औषधाची चिठ्ठी असो नाहीतर पुडीचा कागद.

प्रोग्राम साठवायचा टेपरेकॉर्डर कधीच मेला होता. म्हणजे घोडा पुन्हा पहिल्यापासून टाईप करणं आलं.

"या वेळी सूनबाई वाचेल," हे म्हणाले. "चूक नको व्हायला."

माझ्या डोक्यात सणक गेली. "वाचणार मीच," मी म्हटलं. "सूनबाई, तू शेजारी बस आणि प्रत्येक आकड्यावर बोट ठेव. मला साक्षीदार पाहिजे."

शंभर ओळी झाल्या, तेवढ्यात ह्यांना चहाची तलफ आली. ह्यांनी विजेची किटली लावली आणि फ्यूज उडाला. वीज गेली की त्या मशीनला काही म्हणजे काही आठवत नाही.

"किटली कुणी लावली?" हे ओरडले.

"तुम्हीच, बाबा," सून म्हणाली.

"मग मला लावू कुणी दिली?"

बघा. कायदा!

पुन्हा पहिली ओळ. दीडशेपर्यंत आलो आणि ह्यांचा पाय वायरीत अडकला. पुन्हा पहिली ओळ. माझा घसा बसला, सुनेचं बोट शाईनं काळं झालं. पाचला दहा कमी असताना शेवटची ओळ संपली. म्हातारे आले, चष्मे पुसून टीव्हीपुढे बसले. ह्यांनी बटण दाबलं. घोडा ऐटीत आला, मधोमध पोचला आणि गुप्त.

तिघेही खो खो हसले. "काय वहिनी, अजून तोच आकडा?"

"आईंनी एकही आकडा चुकवला नाही," सून म्हणाली.

"मग तुझं बोट सरकलं असेल," हे म्हणाले.

मला राग आला की मी स्वयंपाकघर उपसायला काढते. गेले आणि सगळ्यात वरच्या फळीवरचे डबे दणादण खाली घेतले. डब्यांखाली एक जाड, गुळगुळीत कागद आहे. फार चांगला कागद. इतकी वर्षं मी तो पुसते आणि तसाच ठेवते. त्या दिवशी फडकं जरा रागात फिरलं. कागद सुटून उलटा माझ्या पायाशी पडला.

खालच्या अंगाला घोडा. तोच घोडा! आणि त्याच्याखाली छापलेलं: मागच्या अंकात आमच्याकडून चूक झाली, ओळ दोनशे चाळीसमध्ये त्र्याऐंशीच्या जागी अडतीस टाईप करावेत.

मी कागद ह्यांच्यापुढे आपटला. "टाका अडतीस."

टाकले. घोडा आला, मधोमध पोचला आणि तसाच दौडत पार त्या टोकाला निघून गेला. म्हातारे टाळ्या वाजवायला लागले. एकानं तर हात जोडून माझी माफी मागितली.

हे मात्र कागदाकडेच बघत होते.

"अगं, हा तर पुढच्या अंकाचा कागद!" हे म्हणाले. "तो अंक टपालात हरवला म्हणून मी पोस्टमनशी दोन वर्षं बोललो नाही. आणि हा तुझ्या डब्यांखाली?"

टाळ्या थांबल्या. सूनसुद्धा माझ्याकडे बघायला लागली.

"हो, डब्यांखाली," मी म्हटलं. "पस्तीस वर्षांत एकदा तरी हातात फडकं घेऊन ती फळी पुसली असतीत, तर कागद दिसल्यावर तुम्ही वाचल्याशिवाय राहिला नसतात. घोडा तुम्ही अडवलात!"