संस्थापकाचा बाक

सरावलीच्या बागप्रेमी मंडळाचा इतिहास सांगायचं काम रामकिसनरावांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर त्यात रामकिसनराव कमी आले असते. माणूस बार्शीकडचा, तारापूरच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला. चूक होऊ शकते हे त्यांना मान्य होतं, पण ती दुसऱ्याची.

मंडळाच्या वर्धापनदिनासाठी बागेत सिमेंटचा बाक बसवला होता. त्यावर संस्थापकाचं नाव घालायचं आणि ते कुणाचं, हे संध्याकाळच्या सभेत ठरवायचं होतं. रामकिसनरावांना कुठला एवढा धीर! त्यांनी सकाळीच भावेश पेंटरला गाठून बाकाच्या पाठीवर 'संस्थापक : श्री. रामकिसन' असं ठळक रंगवून घेतलं आणि वर घरची चादर टाकली.

"काका, सभा तर संध्याकाळी हाय ना?" भावेशने विचारलं.

"सभा व्हायची ती होईल. रंग वाळायला वेळ लागतो."

संध्याकाळी मात्र घोडं अडलं. मंडळाच्या सेक्रेटरी ज्ञानेश्वरीबाई उठल्या आणि म्हणाल्या, पहिली बैठक माझ्या ओट्यावर झाली, चहा मी पाजला, म्हणजे संस्थापक मीच. रामकिसनराव म्हणाले, चहाने मंडळ होत नाही, झाडाने होतं. वस्तीला बागेचं वेड लावलं ते माझ्या दारातल्या मनी प्लांटने. आता मनी प्लांट मागून आणला तर धरत नाही आणि चोरून आणला तर फोफावतो, हे कुणाला सांगायला हवं? सगळ्या वस्तीने तो एकमेकांच्या दारातून चोरला होता. फांद्या खुडताना लोक सापडले, सापडले म्हणून ओळखी झाल्या आणि ओळखीतून मंडळ झालं.

"मग होऊनच जाऊ द्या," रामकिसनराव म्हणाले. "ज्यानं त्यानं सांगावं, कुणाचा चोरला. माग ज्याच्या दारात थांबेल तो संस्थापक."

मग शेजारच्या विक्रमने घसा खाकरून वैभवीच्या खिडकीचं नाव घेतलं. वैभवीने हसत ज्ञानेश्वरीबाईंच्या ओट्याकडे बोट दाखवलं. सगळे बाईंकडे बघायला लागले. खोटं बोलल्या तर संस्थापक, खरं बोलल्या तर चोर. पण बाई पडल्या माळकरी.

"रत्नावहिनींच्या कुंडीतला," त्या पुटपुटल्या. "त्या गावाला गेल्या होत्या तेव्हा."

रत्नाबाई म्हणजे रामकिसनरावांची बायको. रामकिसनरावांना तर आभाळ ठेंगणं झालं. माझा मनी प्लांट पालघरच्या नर्सरीतून रीतसर विकत आणलेला, चोरीचा नव्हे, असं सगळ्यांना ऐकवून त्यांनी चादरीला हात घातला.

"अहो, थांबा जरा," रत्नाबाई म्हणाल्या. "तुमचा कवाच वाळला."

सगळे रत्नाबाईंकडे वळले.

"इकत आणलेला कुठं जगतोय? आठवड्यात मान टाकली त्यानं. तुम्ही तर मनी प्लांट आणला म्हणून समद्या वस्तीला सांगून बसलेले. मग आपण दाखल्यासाठी कोळगावच्या कचेरीत गेलतो. तुम्ही खिडकीवर भांडत होता, तवा म्या तिथल्या कुंडीतली फांदी खुडली अन् पदरात बांधून आणली. तुमच्याच कुंडीत लावली. म्हटलं, ह्यांना कशाला वाईट वाटू द्यायचं."

रामकिसनराव मटकन खाली बसले. इकडे ज्ञानेश्वरीबाईंनी संधी साधून रत्नाबाईंच्या नावाचा ठराव मांडला आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूरही झाला. वैभवीने चादर ओढली मात्र, रंगवलेलं नाव बघून जो हशा पिकला तो काही थांबेना. रामकिसनराव मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. ज्ञानेश्वरीबाईंनी भावेशला नाव खरवडून काढायला सांगितलं.

रत्नाबाईंना नवऱ्याचं तोंड बघवेना. "खरवडू नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "पुढं जागा हाय, तिथं लिही." आणि काय लिहायचं तेही त्यांनीच सांगितलं.

भावेशने लिहिलं. बाकावर आता 'संस्थापक : श्री. रामकिसन यांच्या पत्नी रत्नाबाई' असं झालं.

रामकिसनराव उठले. त्यांनी ते एकदा वाचलं, मागे सरून परत वाचलं, आणि सदरा नीट करत विक्रमकडे वळले.

"काही म्हणा, नाव आधी आपलंच आलं."