भाचीच्या हातातला फोन

बिरसीच्या जीवनलाल तुरकरांना नवा फोन घ्यायचा नव्हता. तो घ्यावा की नाही, एवढंच फक्त त्यांना ठरवायचं होतं. धान खरेदी केंद्रावरची लिपिकाची नोकरी सांभाळून ते हे काम मन लावून करत होते. त्यांच्या खिशातला फोन नव्या फोनच्याच कंपनीचा, सगळ्यात वरच्या दर्जाचा, फक्त मागच्या साली आलेला होता. यंदा त्याचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली आणि जीवनलालांची भूक मंदावली.

"जुन्याले का झालं?" बायकोने, म्हणजे रविताने, विचारलं.

"दूरचं धुरकट दिसते." जीवनलालांनी पुरावा म्हणून गावाजवळच्या पायलट शाळेच्या विमानाचा अंगणातून फोटो काढला. नेमका तो फारच चांगला आला.

"पायलटची मिशी दिसून राहिली ना! अजून का पायजे तुमाले, त्याची कुंडली? आयका. हातात धड फोन हाये तवर दुसरा या घरात येनार नाई."

फोन धड आहे हीच खरी अडचण होती. एकदा तो धुऱ्यावरून धानाच्या पाणी भरलेल्या बांधीत पडला (पडला असंच म्हणायचं, उगाच खोलात शिरू नये). कंपनीने त्याला पाण्यापासून इतकं जपलं होतं, की चिखलातून काढला तेव्हा तो आधीपेक्षा स्वच्छ दिसत होता.

अशात रविवारी भाची येणार असल्याचा निरोप आला. उर्वशी, मोठ्या बहिणीची थोरली मुलगी, नागपूरला कंपनीत होती. त्यांच्या पोवार समाजात भाची म्हणजे देव. मामाने तिचे पाय धुवायचे, टिळा लावायचा, हातात काहीतरी ठेवायचं आणि पाया पडायचं. आणि एकदा भाचीच्या हातात गेलेली वस्तू परत घ्यायची नाही. घेणाऱ्याला पाप लागतं. जीवनलालांनी हे लहानपणापासून ऐकलं होतं, पण त्यातली सोय त्यांच्या आताच लक्षात आली. जुना फोन भाचीला दिला तर रविता हूं की चूं करू शकणार नव्हती, आणि मग बिनफोनाच्या नवऱ्याला नवा घ्यावाच लागणार होता.

रविवारी उर्वशी आईला, चंद्रावतीबाईंना, घेऊन आली. परात आली, पाय धुतले, टिळा लागला. रविता साडीचं ताट घेऊन पुढे झाली, तेवढ्यात जीवनलालांनी खिशातला फोन काढला आणि उर्वशीच्या तळहातावर ठेवून पाया पडले.

"अवो!" रविताच्या तोंडून निघालं. मग नणंदेकडे बघून ते तिने कसंबसं हसण्यात बसवलं.

चंद्रावतीबाईंचे डोळे भरून आले. "असा भाऊ साऱ्या गोंदियात नाई भेटनार." बहिणीने असं म्हटल्यावर जीवनलालांना क्षणभर आपण खरंच दानशूर आहोत असं वाटलं.

"मामाजी, कायले? हा तर लई भारी फोन आहे," उर्वशी म्हणाली.

"तू वापर, बाई. माझं काय, मी घेईन तो नवावाला."

"नवा? अजिबात घेऊ नका! माझ्या ऑफिसातले लोक घेऊन पस्तावून राहिले. डबा नवा, बाकी सगळं तेच. खरा राजा हाच."

"आयकलं?" रविता म्हणाली. "असाच दुसरा इकत घ्या."

"हा मिळत नाही आता, मामीजी. कंपनीने बंद केला."

जीवनलालांनी चेहरा शक्य तितका दुःखी केला. "म्हनजे नवाच घ्यावा लागते. इलाज नाई."

"घ्या ना," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "आमची मंजू बी येते पुढच्या रविवारी. थोरलीले देल्ला, तं धाकटीनं का तोंड पाहत बसावं?"

जीवनलालांनी तोंड उघडायच्या आत रविताने मोठ्या आनंदाने री ओढली. "ताईजी, बरोबर बोलल्या तुमी. भाच्यांत भेद कायले? तुमच्या भावाले माझा बटनवाला फोन चालते."

जीवनलाल गोंदियाच्या बाजारातून नवा फोन घेऊन आले. परतीच्या बसमध्ये शेजारचा माणूस म्हणाला, "नयावाला है क्या, भैया?" जीवनलाल "हाव" म्हणाले आणि डबा मांडीवर असा धरून बसले, की कंडक्टरलाही दिसावा. त्या बसपुरते ते खरोखर सुखी होते. बिरसी फार लवकर आली.

रविवारी पुन्हा परात, पुन्हा टिळा. मंजूने डबा उघडला, फोन उलटसुलट केला आणि तिचा चेहरा उतरला.

"मामाजी, ताई म्हणत होती, याच्यापेक्षा तुमचावालाच चांगला होता. मले ताईसारखाच पायजे होता. हा तुमीच ठेवा."

आणि तिने फोन पुढे केला. तोच फोन, त्यांच्या नाकासमोर, आणि देणारी स्वतःच्या मर्जीने देत होती. जीवनलालांचा ओला हात आपोआप वर गेला.

"जीवन!" चंद्रावतीबाई कडाडल्या. "भाचीच्या हातचं परत घेते का कोनी?"

हात मध्येच थबकला. आता वर गेलेल्या हाताचं काहीतरी करणं भाग होतं, म्हणून जीवनलाल वाकले आणि मंजूच्या दुसऱ्यांदा पाया पडले. उठताना बटनांचा फोन खिशातून निसटून परातीतल्या पाण्यात पडला. त्यांनी घाईघाईने तो काढला आणि पाठीमागे लपवला.

"लपवू नका," रविता म्हणाली. "तो कोनी मांगत नाई."