आप्पाचा शोषखड्डा

तवा आप्पाच्या अंगणात हजर व्हतो ते असे: कॉलेजच्या कदम मॅडम, आमच्या वाडीची सरपंच नंदा, तिची सासू शेवंता, शिबिराची झाडून सारी पोरंपोरी, शेजारीण म्हणून मी गजराबाई, आन् खुद्द भिवा आप्पा. समदी हजर. गैरहजर व्हता तो खड्डा.

मागल्या साली पोरांनी जिथं छातीइतका शोषखड्डा खणला, तिथं सपाट भुई. वर शेळी बसलेली, निवांत रवंथ करीत.

"आप्पा, खड्डा कुठे गेला?" मॅडम म्हणल्या.

"बुजला." आप्पा कमरंवर हात ठेवून म्हणला. "माझी भुई गिळती, मॅडम. लई खट्याळ हाय. विद्यापीठाला कळवा."

थांबा, ह्यो आप्पा तुमाला आधी नीट दाखवते.

आमची वाडी पाटस आन् दौंडाच्या मधी. आप्पानं सारी उमर मेंढरं वळली. मंग मेंढरं इकली, बायकू वारली, ल्योक रांजणगावला कंपनीत लागला आन् तिकडंच खोली करून ऱ्हायला. आप्पाला लागला विद्यापीठाचा नाद. विद्यापीठ त्यानं डोळ्यांनी बघितलेलं न्हाई. पुण्यात हाय, झाडी लई हाय, येवढंच ठावं. पण तालुक्याचं कॉलेज त्या विद्यापीठाचं, आन् कॉलेजनं आमची वाडी तीन सालांसाठी दत्तक घेतलेली. दर हिवाळ्यात सात दिस पोरं येत्यात, शाळंत मुक्काम करत्यात, गटारं काढत्यात, वढ्याला बांध घालत्यात, आन् घरोघरी शोषखड्डे खणत्यात. मोरीचं पाणी रस्त्यानं वहायचं ते भुईत मुरावं म्हणून.

पहिल्या साली त्यांनी आप्पाला शिबिराची टोपी दिली. झालं! मुंडासं गेलं खुंटीला. धोतरावर विद्यापीठाची टोपी, ती आज पातूर. नंदाचं कोंबडं वसरीवर चढलं, "विद्यापीठाला कळवू का?" माझ्या कालवणात मीठ कमी पडलं, "गजराक्का, ह्ये विद्यापीठाच्या नियमात बसत न्हाई." दवाखान्यात डॉक्टरनं सुई काढली तर हात मागं घेऊन म्हणतो, "विद्यापीठाला इचारलंय का?" डॉक्टर हसून हसून खुर्चीत बसला. सुई टोचायची ऱ्हायलीच.

आन् शिबिर यायच्या दिवशी तर बघायलाच नगो! सकाळपासनं फाट्यावर. टेंपो वळताना दिसला की धोतराचा काचा हातात धरून पळत सुटायचा, "आलं! आलं! विद्यापीठ आलं!" कुत्री भुंकायची, शेरडं उधळायची, बाया चूल सोडून दारात. मी पण जायचे. का खोटं बोलू, माझ्याबी छातीत धडधडायचं. एरवी आमच्या वाडीला येतं कोण? उसाचा ट्रॅक्टर, न्हाईतर वायरमन.

सांच्याला पोरं कामावरनं आली की आप्पा शाळंच्या दारात काठी आडवी धरून उभा. एकेकाला काठीखालनं आत सोडायचा, मेंढरं जाळीच्या वाघरात कोंडत्यात तशी. "ती चष्म्यावाली कुठंय? मागं ऱ्हायली? नेमकं एखादं कोकरू मागं ऱ्हातं."

चष्म्यावाली म्हणायची, "आप्पा, मी बीएला आहे, कोकरू काय म्हणता!"

"मंग बीएचं कोकरू."

मी आयुष्यात लई खणलं. मालक गेलं तवा पोरगं पाळण्यात व्हतं. दुष्काळी कामावर खडी फोडली, कारखान्याला ऊस तोडला, दुसऱ्यांच्या हिरीवर माती उपसली. ते करावंच लागतं, त्याचं रडगाणं न्हाई. पण मुकादम न्हाई, मजुरी न्हाई, तरी खणायचं, वर गाणी म्हणत खणायचं, ह्ये मी पहिल्यांदा बघितलं. हाताला फोड आलं तर एकमेकांना दाखवून हसत्यात! मला वाटलं येडी हायत. तिसऱ्या दिवशी मीच पदर खोचून पाट्या टाकाया लागले.

आप्पाचा खड्डा पहिल्या साली झाला, दुसऱ्या साली बुजलेला. पोरांनी परत खणला. मॅडमना नवल वाटलं. त्यांनी आप्पाची माती पिशवीत भरून तपासायला धाडली. वाडीत निस्ता कालवा! आप्पा छाती काढून गावभर, "माझी भुई विद्यापीठात गेली! तुमची कुणाची गेली का?" शेवंता म्हणली, "भुई गेली, आता धनी कवा जायचा?" त्यावर ती दोघं आठ दिस बोलली न्हाईत.

निकाल आला, माती चांगली हाय. पाणी झकास मुरतं.

"म्हंजी पास!" आप्पा म्हणला. साखर वाटली.

आन् ह्या तिसऱ्या साली परत सपाट भुई. शेळीला उठवलं. मॅडमनी खाली बसून माती हातात घेतली, चोळली.

"आप्पा, हे आपलं शेवटचं वर्ष. इथली कामं झाली. पुढच्या हिवाळ्यात दुसरं गाव घ्यायचंय."

आप्पाचा चेहरा एकदम उतरला. "दत्तक घेतलेलं लेकरू कुणी माघारी देतं व्हय, मॅडम?"

"नियम आहे, आप्पा. तीनच वर्षं."

"विद्यापीठाचा?"

"हो. विद्यापीठाचाच."

नियमाला त्यानं कवा नाव ठिवलं नव्हतं. टोपी सारखी केली आन् पोरांना वाट करून दिली.

पोरांनी टिकाव घेतलं. एक पोरगं म्हणलं, "पण मॅडम, खड्ड्यात भरायला दगड? मागच्या वर्षी चार खेपा लागल्या होत्या."

"दगड हायत की," आप्पा झटक्यानं म्हणला. "घरामागं हायत. धारेचं म्या येगळं काढल्यात, पोरींच्या हाताला लागत्यात."

बोलला, आन् जीभ चावली.

समदी घरामागं गेली. मी मागनं. बघते तर काय! थोरलं दगड एकीकडं रचलेलं, बारकं दुसरीकडं, वाळू चाळून पोत्यात. समदं धुतलेलं. खड्ड्याच्या तोंडाशी बसवायचं भोकं पाडलेलं मडकं पालथं घालून, वर फडकं.

शेवंतानं गालावर बोट ठिवलं. "अगं बया! भुईनं गिळलं आन् आंघोळ घालून माघारी दिलं व्हय?"

पोरं खो खो हसली. नंदा तापली. "आप्पा! पोरं हात फोडून खणत्यात आन् तुमी बुजवताय? सरपंच म्हणून मी काय तोंड दाखवू?"

मला ठावं व्हतं. भिंतीपल्याड ऱ्हाते मी, घमेल्याचा आवाज मला कळतो. पण असं काय सांगायचं असतं कुणाला?

आप्पानं टोपी काढली. डोकं सारं पांढरं. हळूच म्हणला, "घरोघरी खड्डं झालं, मॅडम. आमचाबी झाला असता, तर ह्या अंगणात कुणी कशापायी आलं असतं?"

हसू जिथल्या तिथं बंद. नंदा पदर ओढून मडक्याकडं बघाया लागली. चष्म्यावालीनं त्याच्या हातातली टोपी घेतली आन् परत त्याच्या डोक्यावर ठिवली. मॅडमनी तोंड फिरवलं, मंग जोरात म्हणल्या, "काय बघताय? खणा!"

असा खणला म्हणून सांगू! ज्यांचं काम दुसरीकडं व्हतं तीबी आली. नंदानं टिकाव मारला, शेवंतानं पाट्या टाकल्या. आप्पा मधी उभा, "हाण! विद्यापीठ हाय का चेष्टा!" दुपार पातूर खड्डा भरून तयार. मोरीत बादली वतली, पाणी गटागटा मुरलं, आन् पोरांनी आप्पाला उचलूनच घेतला.

टेंपो गेला. उन्हाळा सरला. खड्डा हाय तसाच हाय. आप्पा रोज त्याच्या कडंचा कचरा येचतो, शेळीला तिथं बसू देत न्हाई.

हिवाळा आता तोंडावर आलाय. पोरं दुसऱ्या गावाला जाणार, जावं, त्या गावालाबी गरज असंल. पर ह्ये वाचणारं कुणी कॉलेजातलं असंल, त्याला माझं येवढंच सांगणं: दौंडाकडं आलात तर वाट वाकडी करून आमच्या वाडीत या. काम काय न्हाई. निस्तं बसा आप्पापाशी घटकाभर. भाकरी मी टाकते.